मध्यंतर हॉटेलच्या प्रसंगानंतरच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, अमळनेरच्या सभागृहांत प्रोजेक्टर लावून ‘द गॉडफादर’ (१९७२) हा माफिया टोळी चालवणाऱ्या घराण्यावरचा अमेरिकी चित्रपट दाखवणार असाल, तर तो दुपारी ठेवू नका, ही कळकळीची विनंती. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी डॉनच्या, म्हणजे टोळीच्या म्होरक्याच्या, खोलीत दिवे वरून टाकले. त्यामुळे डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोचे डोळे सावलीत राहतात, त्याच्या मनाचा थांग लागत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावर उजेड नसला तरच काळा दिसतो. खिडकीच्या फटीतून ऊन आले की तो राखाडी होतो, मग कुणी प्रोजेक्टरचा भडक रंगांचा ‘व्हिव्हिड’ मोड लावून चेहरे केशरी करतो. मोड ‘सिनेमा’च ठेवावा.

मे महिन्यात आपल्याकडे खिडक्या लावून बसवत नाही आणि अंधार पडतो सातनंतर. चित्रपट १७५ मिनिटांचा. आठला लावला तर मध्यंतर धरून सुटायला सव्वाअकरा, खेड्यावरच्या माणसाने एसटी कुठून आणायची? भरिताच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, साडेसहाला लावावा. दारेही तेव्हाच बंद करावीत, कारण सुरुवात काळ्या पडद्यावर नुसत्या आवाजाने होते.

खरा घोळ मध्यंतरात होतो. मायकल हा डॉनचा, घरच्या धंद्यापासून लांब राहिलेला, युद्धावरून परतलेला मुलगा. हॉटेलात तो सोलोझो या वैऱ्यासह दोघांना गोळ्या घालतो, तो प्रसंग साधारण दीड तासाने येतो. घड्याळ बघून आधीच थांबवले तर ठरवणे अलीकडे राहते आणि करणे चहानंतर. त्या प्रसंगात सोलोझोच्या इटालियन बोलण्याला मुद्दाम सबटायटल दिलेली नाहीत. ती घातलेली प्रत वापरू नये. आपण वाचत बसतो आणि मायकलचे डोळे बघायचे राहतात. आगगाडीचा खडखडाट वाढला की ऑपरेटर बिघाड समजून आवाज कमी करतो. तसे करू नये! ध्वनीचे काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तिथे संगीताच्या जागी तो खडखडाटच ठेवला आहे. संगीत येते ते पिस्तूल हातातून सुटल्यावर. मायकल मोटारीत बसला की दिवे लावा.

पुढे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती दीक्षाविधीच्या) प्रसंगात मायकल चर्चमध्ये सैतानाला नाकारतो आणि बाहेर त्याच्याच हुकमाने पाच शत्रूंचे खून पडतात. ऑर्गन दोन्हीकडे सलग वाजतो. सभागृह घुमत असेल तर पाद्र्याचे शब्द त्यात बुडतात, म्हणून मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगाव्यात. आणि शेवटी मायकलची बायको ‘के’ हिच्या तोंडावर दार लागते, तेव्हा लगेच ट्यूबलाइट लावू नयेत. नामावली अंधारातच संपू द्यावी.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, अमळनेर