प्रमाणपत्राची धावपळ दहावीतच का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचे अर्ज भरायची वेळ आली की ‘मुलाला एलडी (वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता) आहे, परीक्षेत सवलत हवी, प्रमाणपत्र कुठे मिळेल?’ अशी पालकांची पळापळ सुरू होते. मग नाशिकच्या कॉलेज रोड नाहीतर इंदिरानगरला ‘संपूर्ण पॅकेज’ देणारा शैक्षणिक सल्लागार गाठला जातो. पैसे भरून झाल्यावर कळते, की त्याचा अहवाल मंडळ स्वीकारत नाही. मंडळाला लागते ते अधिकृत वैद्यकीय केंद्राचे प्रमाणपत्र, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जावा लागतो.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तरीही शोध दहावीत सुरू होतो, कारण तोवर सगळे ‘लक्ष देत नाही, आळशी आहे’ यावर भागवलेले असते. खरी वेळ तिसरी-चौथीची.

आधी डोळे आणि कान तपासा. सतत सर्दी होऊन कानात पाणी साठणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ एकसारखेच ऐकू येऊ शकतात. त्याला वाचनाचे वर्ग लावून काय उपयोग? मग वर्गशिक्षकांकडून शुद्धलेखनाच्या, निबंधाच्या आणि गणिताच्या वह्या मागून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यांच्याच होतात, त्यावरून काहीच ठरत नाही. ‘भ’-‘म’, ‘घ’-‘ध’ यांची अदलाबदल, काना-मात्रा गळणे, जोडाक्षर फोडून लिहिणे, फळ्यावरून उतरवताना मधली ओळच नाहीशी होणे हे चौथीतही चालू असेल तर चाचणी हवी. घरी एक करून पाहा. शाब्दिक उदाहरण मुलाला स्वतः वाचून सोडवू द्या, मग तसलेच दुसरे तुम्ही वाचून दाखवा. दुसरे सुटले आणि पहिले नाही, तर अडचण बहुधा गणिताची नसून वाचनाची आहे. हे निदान नव्हे, पण तज्ज्ञाला सांगायला उपयोगी पडते.

चाचणी घेणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच कसला? बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणित अशा दोन्ही चाचण्या हव्यात, त्याही एका बैठकीत उरकलेल्या नकोत; दमलेले मूल कमीच गुण मिळवते. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर मुलाकडून दोन्ही भाषांत वाचून घ्यावे, नाहीतर इंग्रजीचा कच्चेपणा अक्षमता म्हणून नोंदला जातो. पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या ज्या मुलांची घरची बोली वेगळी आहे, त्यांच्याबाबत हीच चूक होते. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्यांना तर शास्त्रीय आधारच नाही, तिथे एक रुपयाही घालवू नका.

अहवालात चाचण्यांची नावे, तारीख, गुण आणि वर्गात नेमके काय बदलायचे हे लिहिलेले असावे. ‘एकाग्रता वाढवा’ एवढ्यावर शिक्षकाने करायचे काय? चांगला सल्लागार शाळेत येऊन शिक्षकांशी बोलतो, तीन महिन्यांनी मुलाची प्रगती पुन्हा मोजतो. ही भेट शुल्कात धरली आहे का, ते आधीच लेखी घ्या.

परीक्षेत मुलाची उत्तरे लिहून देणारा लेखनिक मिळाला म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. उत्तर तोंडी सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. ज्याने असे उत्तर कधीच सांगितलेले नाही ते मूल परीक्षेत ‘ते... ते आपलं...’ करत बसते आणि जादा वेळ तसाच वाया जातो. आठवीपासून आठवड्यातून एक उत्तर लेखनिकाला सांगायचा सराव हवा, परिच्छेद कुठे तोडायचा यासकट. पूर्ण वेळ एका जागी बसण्याचीही सवय लागते.

ज्यांना खासगी सल्ला परवडत नाही, त्यांनी मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातील (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील केंद्रातील) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठावे. तिथे शुल्क नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेने तिसरीच्या प्रत्येक वर्गाची जूनमध्येच वाचन-पडताळणी करून संशयित मुलांची यादी या शिक्षकांकडे द्यावी, अशी मागणी आहे.

एक विशेष शिक्षिका, नाशिक