दूरच्या बेटावरील सुट्टी

महोदय,

परदेशी सहलींचा विषय निघाला की आपल्या पर्यटन पुरवणीत दुबई आणि सिंगापूरच आढळतात; निसर्गाची ओढ असलेल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटाविषयीही लिहावे. मुख्य भूमीपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर असलेल्या या जागतिक वारसास्थळी एका वेळी केवळ ४०० पर्यटकांना राहता येते, त्यामुळे आधी निवासाची सोय निश्चित करून मगच विमानाची तिकिटे काढणे श्रेयस्कर. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तेथे थंडीची चाहूल असते, दिवाळीत मात्र वसंत. ८७५ मीटर उंचीच्या माउंट गॉवरवर परवानाधारक वाटाड्याविना जाता येत नाही (ही शिस्त आपल्याकडेही हवी). नामशेष होता होता वाचलेला, उडता न येणारा वुडहेन पक्षी कोठे दिसतो, हेही सविस्तर सांगावे, ही विनंती.

— एक वाचक, इंदूर