सागाच्या तुळईतली दुष्काळाची नोंद वाचवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील आमच्या गावी एक जुना वाडा उतरवला. त्याची सागवानी तुळई कापली जात असताना मी तिच्या तोंडावर ओला पंचा फिरवला, तशी वलये लख्ख दिसू लागली. मधल्या भागात ती ऐसपैस होती. कडेला मात्र चार वलये इतकी दाटून आली होती, की एका नखाखाली झाकली जावीत. ती वर्षे कोणती, हे कोणालाच सांगता येईना. संध्याकाळपर्यंत त्या तुळईच्या चौकटी झाल्या.

सागाची पाने पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत गळतात आणि नवी वाढ सुरू होताना लाकडात मोठ्या छिद्रांची ओळ उमटते, म्हणून त्याचे दरवर्षीचे वलय ओळखता येते. ओल कमी पडली की ते अरुंद होते. अर्थात सावलीनेही वाढ खुंटते आणि कधी एकाच वर्षात जास्तीचे, खोटे वलयही पडते, म्हणून एकाच झाडावर विसंबून चालत नाही. पुष्कळ झाडांचे नमुने एकमेकांशी ताडावे लागतात. जिवंत झाडाच्या आतल्या वलयांचा क्रम जुन्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळला, की सालवार मागे जाता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागावर असे काम झालेले आहे. २०१० साली तर आशियातील ३०० हून अधिक ठिकाणच्या वलयांवरून मोसमी प्रदेशातील सुमारे सात शतकांच्या दुष्काळांचे नकाशे प्रसिद्ध झाले.

मलप्रभा नदी आमच्याच तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणात अडते. खालच्या कोरडवाहू मुलखाची भिस्त या डोंगरातल्या पावसावर आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने बेळगाव जिल्हा होरपळला, हे कागदोपत्री आहे. त्या सालांत घाटमाथ्यावरचा सागही उपाशी राहिला होता का, आणि त्याआधी असे किती वेळा घडले, हे या लाकडालाच विचारावे लागेल.

म्हणून विनंती अशी की, आपल्या खात्याने अभ्यासकांना पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढे नमुने घेण्याची परवानगी विनाविलंब द्यावी; त्याने झाड मरत नाही. वाऱ्याने पडलेल्या जुन्या सागाचा लिलाव करण्यापूर्वी बुंध्याची एक चकती, जागा आणि साल लिहून, डेपोत राखून ठेवावी. आमच्या गावातील आणखी दोन घरमालक तुळईची चकती द्यायला तयार आहेत. ती कोठे पोहोचवायची, एवढे आम्हांला पावसाळ्यापूर्वी कळवावे.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक रहिवासी