रविवारी आमदारांची भेट – प्रश्न लेखी द्या
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता आमदारसाहेब सोसायटीच्या हॉलमध्ये वार्षिक कार्यअहवाल घेऊन येत आहेत. पुस्तिका गुळगुळीत असते, फोटोही भरपूर. पण आपण मुद्द्याचं विचारू. स्थानिक विकास निधीचे वर्षाला ५ कोटी मिळतात, त्यातून आपल्या भागात काय मंजूर झालं, काम कुठवर आलं? (मंजूर कामांची माहिती जिल्हा नियोजन कार्यालयातही मिळते.) नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोणते तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारे) प्रश्न लावले, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं? गटार-कचऱ्याच्या तक्रारी कृपया नगरसेवकांसाठी राखून ठेवाव्यात. प्रश्न शनिवारी संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींकडे द्यावेत. हारतुरे नकोत, वेळ एकच तास आहे.
– कार्यकारिणी