साभार परत

आयोवा सिटी
कोजागिरी

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर आवाज बसलेला वाटला तो नुसत्या पडशाने. आता बरी आहे. जेवते व्यवस्थित, आणि तू दिलेली लोकरीची बंडी थंडी पडायच्या आधीच बाहेर काढलीय. दादरला आयडियलच्या पुस्तकांच्या दुकानापाशी दिवाळी अंक लागले का गं?

बाबा, तुम्ही विचारलंत, मासिकात काम करायला एवढं लांब जायची काय गरज होती. अहो, हा अभ्यासाचाच भाग आहे. 'द आयोवा रिव्ह्यू' विद्यापीठाचं, 1970 पासून निघतं. आलेलं साहित्य आम्ही विद्यार्थी आधी वाचतो, निवड संपादकांची. गाव लहान आहे, पण दिलीप चित्रे 1975 साली इथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला आले होते. मी काही रानात येऊन पडलेली नाही.

एक रीत मात्र अजून पचत नाही. इथे लेखक एकच कथा एकाच वेळी पाच-दहा मासिकांकडे पाठवतो. चोरून नव्हे, सांगून! आपल्याकडे एक कथा दोन दिवाळी अंकांना दिली, तर संपादक पुन्हा दारात उभं करणार नाही. इथे ते रीतसर. कुठे स्वीकारली गेली, की बाकीच्यांना लगेच कळवायचं, एवढीच अट. उत्तराला सहा-सहा महिने लागतात. एकेकाची वाट बघत बसलं तर छापून यायला वर्षं जातील. मागच्या आठवड्यात एक कथा मी दोनदा वाचली, शेऱ्यात 'घ्याच' म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी लेखिकेचं पत्र, दुसरीकडे घेतली. दिवसभर चुटपुट लागून राहिली.

नकाराचं पत्र चार ओळींचं, ठरलेलं. ते जाताना मला आपल्या कपाटातला खालचा खण दिसतो. 'साभार परत' आलेल्या तुमच्या कथांची पाकिटं, बाबा. तुमच्याच अक्षरात तुमचाच पत्ता, तिकीटही तुम्हीच लावलेलं. लहानपणी मी ती तिकिटं कापून वहीत चिकटवली, तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. म्हणून मी प्रत्येक कथा शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. बाकीच्यांच्या आठ होतात तेव्हा माझ्या पाच. होऊ देत. त्या खणातल्या एखाद्या कथेचा ताईकडून फोटो काढून पाठवाल?

ताईच्या लग्नाच्या हॉलसाठी चाळीस हजार पाठवलेत. विद्यावेतनातले आहेत, कुणाकडून उसने नाहीत. कर्जाचा हप्ताही मीच भरतेय, मुदत ठेव मोडू नका. आत्याने आणलेल्या स्थळाला माझी पदवी होईपर्यंत काही कळवू नका, आई, तुला माझी शपथ.

आणि लग्नाला येणं जमत नाहीये. तिकीट आणि हॉल, दोन्हींचे पैसे जुळले नाहीत. ताईला मी बोलले नाही, तुम्हीच बेताने सांगा. करवलीचा दिवा मामाच्या धाकटीच्या हातात द्या. माझी मोरपिशी साडी तिलाच नेसवा. वरच्या खणात, जुन्या धोतरात गुंडाळलेली आहे.

तुमची,
धाकटी