वारस गेले, दावा उरला

महोदय,
पंजाबातील फरीदकोट संस्थानचे शेवटचे राजे हरिंदर सिंग ब्रार १९८९ मध्ये वारले. सगळी मालमत्ता एका ट्रस्टला देणारे मृत्युपत्र पुढे आले आणि थोरल्या कन्या अमृत कौर यांनी त्याला आव्हान दिले. चंदीगडच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ते बनावट ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०२२ उजाडले. तो निकाल पाहायला अमृत कौर यांच्या दोन्ही बहिणी उरल्या नव्हत्या. किल्ले-महालांच्या किमतीच्या बातम्यांत हे कुणी ठळकपणे छापले नाही, याचे वाईट वाटते. अशा दाव्यांत मृत्युपत्र खरे की खोटे, हा मुद्दा सर्वांत आधी आणि ठरावीक मुदतीत निकाली काढावा. तोवर मालमत्ता भांडणाऱ्या कोणत्याही पक्षाकडे न ठेवता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्ता सांभाळणाऱ्या त्रयस्थाच्या, ताब्यात द्यावी.
– एक वाचक