आडनावातले गाव शोधताना

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अलिबागच्या इस्रायल आळीत पणजोबांचे घर शोधणाऱ्या इस्रायली पाहुण्यांचे छायाचित्र आपल्या अंकात आले होते. तिशरी या हिब्रू महिन्यातले (साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर) सण संपले की असे बरेचजण कोकणात उतरतात. दोन दिवस फिरतात आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परततात. गावकऱ्यांचे सौजन्य कुठेच कमी पडत नाही. घोळ होतो तो कागदांचा, लिप्यांचा आणि जुन्या नावांचा, आणि तो टाळता येतो. रायगडातले शिक्षक, तलाठी आणि आळीतली वडीलधारी माणसे हे पत्र वाचतील या आशेने लिहीत आहोत.

हे पाहुणे का येतात, ते आधी सांगायला हवे. १९४८ नंतर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजाची, कुटुंबे कुलाबा जिल्ह्यातून आणि मुंबईतून इस्रायलला गेली. बीरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद इथे त्यांनी संसार थाटले. सुरुवात सोपी नव्हती. काहींनी परत पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ मध्ये त्यांतले काही खरोखरच भारतात परतले. पुढे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) कार्यालयाने विवाहनोंदणीसाठी सूचना काढल्या. बेने इस्रायल वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, असे त्यांत होते. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला, 'शनिवार तेली' हे नावच कमावले, त्यांना तुम्ही यहुदी कशावरून असे विचारले गेले. जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचा ठराव केला, आणि त्याच महिनाअखेर सूचनांमधून समाजाचे नाव गेले.

त्या आजीला पिढ्यांचा कागद दाखवता आला नव्हता. तिची नात आज तोच कागद शोधायला येते, फरक इतकाच की आता तो तिच्याकडे कोणी मागितलेला नाही. इस्रायलमध्ये तिला 'होदीत' म्हणजे भारतीय म्हणतात आणि इथे उतरताच ती 'इस्रायली' होते. घरातले मराठी चपाती, पोहे, 'ये बस' एवढ्यावर आलेले असते. तिच्याजवळचा सगळ्यात लांब मराठी शब्द म्हणजे तिचे आडनाव. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आडनावातला 'कर' काढला की गाव मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे: किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, वाकरूळचे वाकरूळकर. अडचण अशी की पाहुण्याच्या ओळखपत्रावर ते आडनाव हिब्रूत असते. हिब्रूत ळ आणि ण नाहीत, महाप्राण अक्षरे नाहीत, त-ट आणि द-ड हा भेद उरत नाही, आणि व, ओ, ऊ या तिन्हींना 'वाव' हे एकच अक्षर चालते. घोसाळकरचा 'गोसालकर' होतो. दिवेकर हा 'दियोकर' असाही वाचता येतो. च आणि ज साठी अक्षरालगत एक बारीक खूण लागते. ती सुटली की चेऊलकरचा 'त्सेऊलकर' होतो. तेव्हा लिहिलेले वाचू नका, पाहुण्याच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला फोन लावून उच्चार ऐका. दोन मिनिटांचे काम आहे, आणि निम्मे शोध तिथेच मार्गी लागतात.

मग गाव. कागदावर 'जिल्हा कुलाबा' असेल तर तो आजचा रायगड. नाव १९८१ मध्ये बदलले. हे माहीत नसल्याने कितीतरीजण मुंबईच्या कुलाब्यात घरे शोधत फिरले आहेत. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी कुलाब्याच्या दप्तरात मिळतीलच असे नाही. आष्टमी नकाशावर वेगळी शोधू नये, ती कुंडलिकेच्या पलीकडे रोह्यालाच जोडलेली आहे. आणि एकच आडनाव म्हणजे नातलग असे धरू नये. पेणकर हिंदूही असतात, मुसलमानही आणि बेने इस्रायलही.

व्यक्तीचे नाव ही याहून मोठी फसगत. नात 'यहेज्केल' शोधते आणि जुन्या कागदात तो 'हसाजी' असतो. शमुएलचा सामाजी, अब्राहामचा आबाजी, बिन्यामीनचा बन्नाजी, इसहाकचा इसाजी. मुंबईत १७९६ मध्ये पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेही सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. पाहुण्याकडून वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे घ्या आणि प्रत्येकाचे मराठी रूप शेजारी लिहून मगच फेरफार नोंदी पाहा. त्या मोडीत असतील तर मोडी वाचणारा लागेल. जमिनीचा जुना सर्व्हे नंबर आजच्या गट नंबराशी जुळेल असे गृहीत धरू नका. लग्नपत्रिकेत 'जुनी मशीद' दिसली तर दचकू नका. हे दिवेकरांचेच मंदिर, शाआर हारहामीम. आमचे लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि समाजात काजी आणि मुकादमही असत. या एका शब्दामुळे आपले पूर्वज मुसलमान होते की काय असे वाटून गोंधळलेले तरुण भेटतात. त्यांना हे नीट समजावून सांगणारे कोणी तरी हवे.

कबरस्तानात जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेइतके असते, दगड शेवाळलेले असतात आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, चुना किंवा ॲसिड लावू नका. ॲसिडने दगडाचा वरचा थरच जातो आणि उरलेली अक्षरेही त्याबरोबर जातात. तारेचा ब्रशही नको. साधे पाणी, मऊ ब्रश, आणि सकाळी आठच्या सुमाराचे तिरपे ऊन एवढे पुरते. भर दुपारी काढलेल्या फोटोत काही वाचता येत नाही.

हिब्रू वर्ष अक्षरांत कोरलेले असते आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ताव ४००, रेश २००, सामेख ६० म्हणजे ६६०. त्यात १२४० मिळवले की १९००. मृत्यू तिशरीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर एक वजा करून १८९९. झिजलेल्या दगडावर 'हे' आणि 'खेत' ही दोन हिब्रू अक्षरे सारखी दिसतात. एक पाच, दुसरे आठ, म्हणून तीन वर्षांची चूक सहज होते. खाली मराठी मजकूर असेल तर तारीख त्याच्याशी ताडून पाहा. नाव, तारीख आणि शेजारच्या दोन्ही कबरींचे फोटो घ्या, कारण घरची माणसे पुष्कळदा जवळजवळ असतात.

अलिबागकडच्या सागावजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीचा (प्रेषित एलियाचा) टप्पा, म्हणजे त्याचे पवित्र स्थान, आहे. पाहुणे तिथे मलिदा (पोह्यांचा आभाराचा प्रसाद) करू इच्छितात आणि गावातल्या बाया मदतीला येतात, त्यांच्यासाठी हे प्रमाण: अर्धा किलो जाड पोहे, दोन नारळांचा चव, पाव किलो साखर, वेलची. पोहे धुऊन निथळत ठेवावेत, पाण्यात भिजत घालू नयेत, आणि पातळ पोहे तर घेऊच नयेत. साखर सुटली की लगदा होतो. दूध किंवा तूप अजिबात घालू नये. मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचे चालत नाही, म्हणून खोबरे. वर खजूर, केळी आणि हंगामी फळे. खजुराचा आशीर्वाद झाडाच्या फळाचा, केळ्याचा जमिनीच्या उपजाचा. तेव्हा ताटात दोन्ही ठेवा, पण एकत्र कालवू नका.

एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. अशा पाहुण्यांची बातमी छापताना त्यांना 'परदेशी पर्यटक' म्हणू नये. आडनाव त्यांना विचारून, शुद्ध देवनागरीत, ळ आणि ण यांसह छापावे. ते कात्रण अश्दोद-दिमोनातल्या घरांत जपून ठेवले जाते, आणि काही घरांत ते आडनाव मराठी अक्षरांत लिहिलेले दुसरे काहीही उरलेले नाही.

आपले,
अश्दोद (इस्रायल) येथील काही बेने इस्रायल वाचक